ज्योत पिवळी झाली नाही

१

सुई तीनाच्या पुढं गेली तेव्हा मी आधी यंत्रावर संशय घेतला. माणसांवर संशय घ्यायला मला वेळ लागतो, यंत्रांवर लागत नाही. नळी धुतली, ज्योत विझवून पुन्हा पेटवली, मालनबाईंच्या रक्ताचा नमुना नव्यानं पातळ करून दुसऱ्यांदा मोजला. तीन पूर्णांक एक. तिसऱ्यांदाही तेच. मग मात्र मला घाम फुटला, आणि तो वैशाखाच्या उन्हाचा नव्हता.

पडद्यापलीकडं मालनबाई खाटेवर पडल्या होत्या. हातपाय थडथडत होते, जीभ जड झाली होती, डोळे उघडे असून माणूस ओळखत नव्हत्या. महिन्यापूर्वी याच बाई स्वतःच्या पायांनी आल्या होत्या आणि 'गुलाबराव, तुमचा हात हलका हाय' म्हणून हसून गेल्या होत्या. तेव्हाचा त्यांचा आकडा होता शून्य पूर्णांक आठ.

मी गुलाब बनसोडे. परंडा तालुक्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या दवाखान्यात रक्त-लघवी तपासायचो. साल १९८६. पाऊस नाही म्हणून ऊस नाही, ऊस नाही म्हणून कारखाना बंद. दवाखाना तेवढा चालू, कारण दुष्काळ पडला म्हणून माणसं आजारी पडायची थांबत नाहीत. मनाच्या आजाराचे डॉक्टर शिवलिंगप्पा कोरे आठवड्यातून तीन दिवस सोलापूरहून यायचे. उदासीनतेचा आजार त्यांचा खास विषय. मन इतकं खोल बसतं की माणूस जेवण सोडतो, बोलणं सोडतो, आणि मालनबाईंसारखी एखादी भल्या सकाळी विहिरीच्या कडेला जाऊन उभी राहते. डॉक्टरांचा एकच हट्ट होता. एका मापाची चप्पल साऱ्या गावाला घालू नये. ज्याचं त्याचं रक्त तपासायचं, आणि ज्याच्या त्याच्या रक्ताप्रमाणं गोळ्या ठरवायच्या.

मालनबाईंना चालू होतं लिथियम. हा एक क्षार. थोडा कमी पडला तर उपयोग नाही, थोडा जास्त झाला तर विष. मधली वाट अरुंद, आणि प्रत्येकाची वेगळी. ती वाट शोधायचं यंत्र माझ्या ताब्यात होतं. गॅसची निळी ज्योत, तिच्यात नमुना फवारायचा. ज्योत कोणत्या रंगानं किती उजळते त्यावरून सुई क्षार किती ते सांगते.

आठ महिने मालनबाईंची सुई जागेवर होती. आता ती जवळजवळ चौपट झाली होती. याचा अर्थ सरळ होता: कुणीतरी त्यांना गोळ्या जास्त चारल्या होत्या. त्या सकाळी सगळ्यांनी तेच धरलं, आणि खरं सांगायचं तर मीही.

२

गोळ्यांची बाटली मालनबाईंच्या घरात नव्हतीच. विहिरीच्या प्रकारानंतर डॉक्टरांनी तसं बजावलं होतं. बाटली होती गावातल्या बालवाडीच्या सारजाबाईंकडं. सारजाबाई आमच्यातल्या, बौद्ध वस्तीत राहणाऱ्या. वाचता येणारी, शब्दाला पक्की बाई. दोन्ही वेळा मालनबाईंच्या ओट्यावर जायच्या, समोर गोळी गिळायला लावायच्या आणि कॅलेंडरवर रेघ मारायच्या.

मालनबाईंचे नवरे हिंमतराव गावच्या दूध संस्थेचे संचालक. चैत्रात त्यांनी सारजाबाईंच्या नवऱ्याला संस्थेच्या दूध केंद्रावरून काढून टाकलं होतं. आता हे दोन तुकडे जोडायला कुणाला अक्कल लागत नाही. हिंमतरावांनी बायकोला गाडीत घालण्याआधी पारावर चाळीस माणसांसमोर सांगितलं, "सारजीनं डाव साधला. गोळ्या तिच्या हातात होत्या."

दुपारपर्यंत परंडा ठाण्याचा जमादार गुंडप्पा सारजाबाईंना आणि त्यांच्याकडची बाटली, कॅलेंडर घेऊन दवाखान्यात हजर झाला. पोट सुटलेला, आवाज मऊ, आणि त्या मऊ आवाजाचीच मला जास्त भीती वाटायची. त्यानं बाटली टेबलावर पालथी केली. गोळ्या मोजल्या, कॅलेंडरवरच्या रेघा मोजल्या. एकही गोळी कमी नाही, एकही जास्त नाही.

"हिशेब बरोबर हाय," तो म्हणाला. "मंजे जादाच्या गोळ्या दुसरीकडून आल्या. ह्या गोळ्या आणिक कुठं मिळत्यात, गुलाबराव?"

"परंड्यात नाही मिळत. इथल्या कपाटातच."

"कपाटाची किल्ली कुणाकडं?"

"माझ्याकडं."

तो माझ्याकडं वळला. "तुमी अन् सारजाबाई एकाच समाजाचे, न्हाय का?"

कपाटातल्या गोळ्याही मोजल्या. त्याही बरोबर निघाल्या. पण मोजणारा मी, वही लिहिणारा मी. त्या बरोबरपणाला किंमत किती? बाहेर ओसरीवर सारजाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी पाणी नेऊन दिलं. त्यांनी पेला घेऊन शेजारी ठेवला.

"जयभीम, अक्का."

"जयभीम. गुलाब, म्या तिला बहिणीवानी जपलं रे. पन मला सांग, माझ्या नवऱ्याला ह्यांनी काढलं न्हाय असं म्या कसं म्हनू? ते बी खरंच हाय ना. मला नेतील का?"

मला खोटं बोलता आलं नाही. जमादारानं सांगितलं होतं, उद्या बारा वाजता जीप परंड्याला जाणार, आणि रिकामी जाणार नाही.

३

डॉक्टर कोरे सोलापुरात होते. ट्रंक कॉल लागायला दोन तास गेले. खरखरीतून त्यांचा आवाज आला, "गोळ्या मोजण्याच्या भानगडीत नको पडू. दुष्काळ आहे. अंगातलं पाणी आटलं की औषध साचतं. तिला पाणी किती मिळत होतं ते बघून ये. आणि तिची लघवी जमवून तपास. मी सकाळी निघतो." माझ्या जिवात जीव आला. असलं साधं कारण असेल तर दोष कुणाचाच नव्हता.

जमादार गावाकडं निघालाच होता, त्याच्या जीपमध्ये मी बसलो. मालनबाईंची वाडी भैरवनाथाच्या सोनारीच्या अलीकडं. रस्त्यात ओळखीचा एक पेशंट भेटला, त्यानं जीप थांबवून माझ्या हातात त्याची गोळ्यांची पुडी दिली. "परत घ्या. गावात म्हनत्यात, रगत काढून काढून मानसं मारायलाय तुमी." त्याचं मन गेल्या वर्षीच ताळ्यावर आलं होतं. पुडी मी खिशात ठेवली.

हिंमतराव सोप्यात बसले होते. दाढी वाढलेली, डोळे लाल. पाण्याचं विचारल्यावर ते चिडले. "टँकर पैला माझ्याच दारात थांबतो. मालन तर घागरीनं पानी प्यायची. महिनाभर तिची तहान भागंना. जेवन तेवढं तिला जाईना. मनायची, तोंडाला चव न्हाय."

म्हणजे पाण्याचा तर्क दारातच कोसळला. दोष पाण्याचा नसेल तर पुन्हा माणूसच उरत होता.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात केशरबाई उभ्या होत्या. हिंमतरावांच्या थोरल्या भावजय, विधवा. मालनबाई आजारी असताना साऱ्या घराच्या किल्ल्या यांच्या कमरेला होत्या. मालनबाई बऱ्या झाल्या आणि किल्ल्या त्यांच्याकडं गेल्या. दोघी जावांचं पटत नाही, हे गावातल्या लहान पोरालाही माहीत होतं. जमादारानं मला कोपरानं ढोसलं.

"सैपाक कोन करतं?"

"म्याच," केशरबाई म्हणाल्या.

"मालनबाईला वाढतं कोन?"

"म्याच." त्या जमादाराकडं बघत नव्हत्या. "बाप्यांचं आधी होतं. मग आमी दोघी बसतो. एका पातेल्यातलं खातो. तिनं खाल्लं ते म्या बी खाल्लं."

चुलीवर दोन पातेली होती. एक मोठं, एक लहान, ताटलीनं झाकलेलं. "ते?" मी विचारलं.

"ते आमचं, बायकांचं. सकाळी दवाखान्यात डबा न्यायचाय, त्याचं बी हाय."

मोठं असताना वेगळं लहान पातेलं कशाला, हे मी विचारायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात विषच होतं, आणि एकाच पातेल्यातलं दोघींनी खाल्लं असेल तर विष त्यात नव्हतं. एक आडवी पडली होती, दुसरी माझ्यासमोर उभी होती. निघताना केशरबाईंनी हळूच विचारलं, "ती जगंल ना?" मला तो प्रश्न नाटकी वाटला. लाज वाटते आज, पण वाटला.

४

रात्री ड्यूटीवरच्या डॉक्टरनं मालनबाईंना नेहमीचं ग्लुकोजचं सलाईन लावलं. गोळी एकही दिली नाही. मी बाटली आणि किल्ली दोन्ही जमादाराच्या हवाली केली होती, मुद्दाम, साक्षीदारांसमोर. खाटेजवळ नर्स बसवली.

सकाळी रक्त मोजलं. तीन.

एक सबंध दिवस गोळी नाही, आणि सुई जेमतेम हलली होती. जमादार माझ्या खांद्यावरून यंत्र बघत होता. त्याला काट्यांतलं काही कळत नव्हतं, पण माझा चेहरा त्यानं बरोबर वाचला.

"मंजे इथं, दवाखान्यात बी कोनतरी तिला देतंय," तो म्हणाला. "सारजाबाई तर रातभर माझ्या नजरेखाली हुती. मग इथं कोन हाय?"

मी होतो. आणि सकाळी सहाच्या एस.टी.नं डबा घेऊन आलेल्या केशरबाई होत्या. कालसुद्धा त्या गाडीतून डबा घेऊनच आल्या होत्या, आणि दुपारी परत जाण्याआधी त्यांनी जावेला चार घास भरवले होते.

अशा वेळी मी नेमून दिलेलं काम करतो. दुसरं काही मला येत नाही. डॉक्टरांनी लघवी तपासायला सांगितली होती. बाटली भरली होती, लघवी भरपूर आणि पाण्यासारखी पांढरी. म्हणजे पाणी शरीरात जात होतं यात शंका नव्हती. मी ती पातळ करून ज्योतीत फवारली.

आता ही गोष्ट यंत्रावर काम करणाऱ्यालाच ठाऊक असते. माणसाची लघवी ज्योतीत गेली की ज्योत पिवळीधमक होते. कुणाचीही. राजाची असो, हमालाची असो. ते पिवळं इतकं दांडगं असतं की बाकीचे रंग त्याच्यापुढं दिसत नाहीत. ते असतं मिठाचं.

मालनबाईंची लघवी फवारली आणि ज्योत निळीच राहिली.

मला वाटलं, नळी तुंबली. माझी स्वतःची फवारली. खोली पिवळी झाली. पुन्हा मालनबाईंची. निळी. कडेला नावाला फिकट पिवळी छटा, बस. काल दिवसभर आम्ही सगळे या बाईच्या पोटात जास्त काय गेलं ते शोधत होतो. कमी काय गेलं, हे कुणी विचारलंच नव्हतं.

घड्याळात साडेअकरा झाले होते. बाहेर जीप सुरू झाल्याचा आवाज आला.

५

केशरबाई खाटेजवळ बसून जावेच्या तोंडात आमटीत भिजवलेली भाकरी घालत होत्या. दारात हिंमतराव. ओसरीच्या पायरीवर सारजाबाई उभ्या, पदर घट्ट लपेटून, आणि जमादार त्यांना जीपकडं चला म्हणत होता.

"जमादारसाहेब, दोन मिनिटं," मी म्हणालो आणि डब्याकडं हात नेला.

केशरबाईंनी डबा छातीशी ओढला. "ह्याला हात लावू नका."

सगळे थांबले. जमादार पायरीवरून परत वर आला. हिंमतराव पुढं आले. "वैनी, काय घातलंय त्यात?"

"काय न्हाय घातलं, भावजी."

"मग त्याला बघू द्या की."

"ते दुसऱ्यानं खायचं नसतं. माझ्या तोंडून काढू नका. म्या बोलले तर ती जाईल."

यानंतर कुणाला काही विचारायची गरज उरली नव्हती, असंच तिथल्या प्रत्येकाला वाटलं असणार. नर्स मागं सरकली. मी डबा केशरबाईंच्या हातातून ओढून घेतला. तर्क माझा होता, ज्योत मी पाहिली होती, तरी बोट आमटीत बुडवताना मनात आलंच. चुकलो असेन तर? घरी दोन लेकरं होती.

"गुलाबराव, खुळे का काय तुमी," जमादार म्हणाला.

मी बोट तोंडात घातलं. तूरडाळ. चिंच. तिखट. मग भाकरीचा तुकडा बुडवून खाल्ला, आणि आणखी एक. केशरबाई माझ्याकडं बघून रडत होत्या.

"आमटी अळणी आहे," मी म्हणालो. "हिच्यात मिठाचा कणही नाही."

"मग? इसरली आसंल," हिंमतराव म्हणाले.

"महिनाभर? आणि तुमच्या ताटात एकदाही नाही?" मी केशरबाईंकडं वळलो. त्या काय भीत होत्या ते मला आता दिसलं. "केशरबाई, तुम्ही बोलू नका. मी बोलतो. चुकलं तर मान हलवा. तुम्ही सोनारीच्या भैरवनाथाला नवस बोलला होता."

मान हलली नाही.

"मालनबाई बऱ्या झाल्या तर दोघी जावा अळणी खाऊ. चैत्राच्या यात्रेपासून धरलं. सव्वा महिना. म्हणून बाप्यांच्या आमटीत मीठ घालायच्या आधी तुमचं लहान पातेल्यात काढलं जायचं. बापे आधी जेवून उठतात, त्यामुळं कुणाला पत्ता नाही. आणि नवस पुरा होईपर्यंत बोलून दाखवायचा नसतो."

केशरबाईंनी पदर तोंडात कोंबला. मान मात्र जागच्या जागी होती.

"मग केशरबाईला काय झालं न्हाय ते?" जमादारानं विचारलं. माणूस मूर्ख नव्हता.

"कारण त्या लिथियम घेत नाहीत. मीठ आणि लिथियम शरीराला भावंडांसारखे वाटतात. रोज मीठ मिळतं तोवर शरीर दोन्ही बाहेर सोडतं. मीठ बंद झालं की ते मिठाचा कण कण धरून ठेवायला लागतं, आणि त्या धांदलीत लिथियमही धरून ठेवतं. गोळ्या तेवढ्याच, सारजाअक्कांनी मोजून दिलेल्या. पण रोज थोडी आतच राहिली. इथं गोळी बंद केली तरी सुई उतरेना, कारण डबा अळणी आणि सलाईन नुसत्या ग्लुकोजचं. कुणी काही चारलं नाही, जमादारसाहेब. कुणीच नाही."

बाहेर जीप बंद झाली. दारात डॉक्टर कोरे उभे होते, सोलापूरच्या धुळीनं भरलेले. कधी आले, किती ऐकलं, कळलं नाही. त्यांनी मी पुढं केलेला आकड्यांचा कागद वाचला आणि नर्सला म्हणाले, "ग्लुकोज काढ. मिठाचं सलाईन लाव, आत्ता." मग माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात बोलले, "माझी आई सोमवारी अळणी खायची, गुलाब. जन्मभर बघितलं मी. पेशंटला पाणी प्या म्हणून सांगितलं, मीठ सोडू नका म्हणून सांगायचं सुचलं नाही. रक्त ज्याचं त्याचं बघत बसलो आणि ताट बघितलं नाही."

६

तिसऱ्या दिवशी सुई दीडावर आली. चौथ्या दिवशी मालनबाईंनी जावेला ओळखलं, आणि पहिला प्रश्न विचारला तो नवस मोडला का हा. केशरबाईंनी त्यांच्या तोंडात चमच्यानं मिठाची पेज घातली. त्या स्वतः अजून अळणीच खात होत्या. देवाशी निदान अर्धं तरी खरं राहावं म्हणून.

सारजाबाईंना जमादारानं त्याच दुपारी घरी सोडलं होतं. पण गावानं सोडलं नव्हतं. बालवाडीत पोरं येईनात. कुणी म्हणे डॉक्टरानं आपल्या माणसांना वाचवलं, कुणी म्हणे गुलाबनं आकडे फिरवले. पाचव्या दिवशी मालनबाईंना बघायला आलेल्या सारजाबाईंसमोर हिंमतराव दवाखान्याच्या ओसरीवर येऊन उभे राहिले.

"सारजाबाई, झालं ते झालं. बाटली तुमच्याकडंच राहू द्या."

"माझं नाव पारावर घेतलं हुतं," सारजाबाई म्हणाल्या. "चाळीस मानसं हुती. हितं चौघं हायत."

हिंमतराव पारावर जाऊन काय सांगणार होते? घरातल्याच बाईनं, घरातल्याच चुलीवर? संचालक माणूस. मला त्यांचा राग आला होता, आणि तो मी लपवला नाही. "तुम्हाला सांगता येत नसेल तर मी येतो कागद घेऊन," मी म्हणालो.

"कागदाला कोन इचारतं," दारातून केशरबाई म्हणाल्या. "म्या सांगते."

"वैनी, नवसाचे आनिक तीन दिस हायत," हिंमतराव पुटपुटले. "तुमीच मनला, बोलून दाखिवला तर मालनला..."

"ठाऊक हाय मला."

मी त्यांना समजावू लागलो, की बोलण्यानं काही होत नाही, सुई खाली आली आहे, मी स्वतः मोजली आहे. केशरबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचा त्यातल्या एका अक्षरावरही विश्वास नव्हता. त्यांच्या लेखी त्या पारावर जाऊन जावेचा जीव पणाला लावणार होत्या, आणि तरी त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

संध्याकाळी दूध घालायच्या वेळेला पारापाशी गर्दी होती. त्या घरातली बाई पारावर कधी चढली नव्हती. केशरबाई खालीच उभ्या राहिल्या, पण आवाज सगळ्यांना गेला. नवस काय होता, कुणी बोलला, पातेलं कसं वेगळं काढलं, सारं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "सारजाबाईनं एक गोळी जादा दिली न्हाय. माझ्या हातानं झालं. तिचं नाव घेऊ नगा."

केशरबाई वळल्या. माणसांच्या कडेला सारजाबाई उभ्या होत्या, त्यांच्यापाशी येऊन त्या थांबल्या आणि घाबरलेल्या लेकरासारखं विचारलं, "आता बोलले म्या. तिला काय हुनार न्हाय ना?"

सारजाबाईंनी केशरबाईंच्या दंडाला धरलं.

"चला," त्या म्हणाल्या. "तिच्या गोळ्या चालू झाल्या की बाटली म्याच ठेवीन. आन् आज तुमच्या आमटीत मीठ घाला. चार दिस झाले, तुमी येकल्याच अळणी खाताय."

दोघी पारामागच्या वाटेनं गेल्या. हिंमतराव दुधाच्या कॅनजवळ तसेच उभे होते.